पायची पायपीट

'या पायचा पुढे आयुष्यात उपयोग काय?' असं गणिताच्या तासाला विचारणारी मुलं मोठेपणी कुठे जातात, याचं निदान अर्धं उत्तर आमच्याकडे आहे. त्यातली काही लॅम्पशेडच्या धंद्यात येतात. तिथे पाय त्यांची वाट बघत बसलेलाच असतो.

लांबून बघणाऱ्याला हा धंदा फार गोजिरा वाटतो. एखादं जुनं फुलाफुलांचं कापड, दोन गोल कड्या, थोडी चिकटपट्टी आणि कोपऱ्यात मंद पिवळा उजेड. आतून तो निव्वळ वजाबाकीचा धंदा आहे. लागणारं कापड वजा हातातलं कापड. उत्तर बहुतेक वेळा सात सेंटिमीटर येतं, आणि ते आपल्या विरुद्ध बाजूला.

हिशोब साधा आहे. सर्वांत जास्त मागणी असते ती ३० सें.मी. व्यासाच्या ड्रम शेडला, म्हणजे डब्यासारखी सरळ उभी शेड. तीस गुणिले पाय, म्हणजे ३.१४; परीघ आला ९४.२. त्यात एकावर एक चढणाऱ्या जोडाचा साधारण एक सेंटिमीटर, आणि कापडाची कच्ची कड आत दुमडायला आणखी एक. झाले ९६. आता जुनं सुती कापड घ्या. त्याचा पन्हा बरेचदा ३६ इंची असतो, म्हणजे ९१ सें.मी. दोन्ही बाजूंची किनार कापली की उरतं ८९. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूण ८९ चं आणि पाय मात्र ९६ वर गेल्याशिवाय थांबत नाही.

त्यावर उपाय दोन. पहिला, कापड आडवं न बेतता लांबीत बेतायचं. लांबी असेल तर एका मीटरमध्ये २४ सें.मी. रुंदीच्या तीन पट्ट्या निघतात (शेडची उंची २१, वर-खाली आत वळवायला दीड-दीड). पण मग नक्षी नव्वद अंशांत फिरते. पट्टे असतील तर कुणाचं बिघडत नाही. पक्षी असतील तर ते भिंतीवरच्या पालीसारखे सरळ वर चढू लागतात. दुसरा उपाय, दोन तुकडे जोडायचे. जोडायचेच असतील तर बरोबर समोरासमोर जोडावेत, प्रत्येक तुकडा परिघाच्या निम्मा. एक मोठा आणि एक चिंधीएवढा असं केलं की ती काटकसर दिसते. दोन समान केले की तीच गोष्ट 'रचना' म्हणून खपते.

हे झालं कागदावर. बाजारातून आलेली ३० ची कडी कधी २९.८ ची भरते. व्यासात दोन मिलिमीटरची चूक परिघात सहा मिलिमीटर होऊन बाहेर पडते, आणि सहा मिलिमीटर म्हणजे जोडाची निम्म्याहून जास्त रुंदी. म्हणून व्यासावर विश्वास न ठेवता कडीभोवतीच मापपट्टी फिरवायची आणि मग कापायला बसायचं. पायला टाळायचा एवढा एकच मार्ग आम्हाला सापडला आहे.

जुन्या कापडाचा दुसरा गुण असा, की दिवसा ते फार सभ्य असतं. टेबलावर पसरा, उन्हात धरा, सगळं छान. मागून बल्ब लागला की पितळ उघडं पडतं. कुणीतरी मन लावून केलेलं रफू काळ्या ढगासारखं दिसू लागतं. शिवणीतली चार पदरी दुमड जाड रेघ होऊन उभी राहते. कुठे चहाच्या रंगाचा डाग, कुठे टाचणीचं भोक ताऱ्यासारखं चमकतंय. इतर हस्तकलांची परीक्षा समोरून होते. आमच्या मालाची तपासणी पाठीमागून, उजेड टाकून, रोज संध्याकाळी होते. त्यामुळे कात्री लावण्याआधी प्रत्येक तुकडा पेटत्या दिव्यासमोर धरायचा आणि दोष दिसेल तिथे खडूने खूण करायची. खूण उलट्या बाजूला. सुलट्या बाजूला केलेली खूण हाही मग एक दोष होतो.

घडीच्या रेघेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवखा माणूस तिच्यावर इस्त्री फिरवत अर्धा दिवस घालवतो. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेल्या कापडावर ती नुसती चुणी नसते. घडीच्या माथ्यावर धूळ, हवा आणि उजेड लागून धागाच पिवळा पडलेला असतो, झिजलेला असतो. इस्त्रीने चुणी जाते, पिवळेपणा जात नाही. तिथून कापड बेतायचं टाळायचं, किंवा ती रेघ बरोबर जोडाखाली जाईल असं बसवायचं. म्हणजे परत पायकडे जाणं आलं.

रेशमाची गोष्ट त्याहून दुःखद. कच्च्या रेशमातला नैसर्गिक डिंक धुऊन काढला की त्याचं वजन जवळजवळ पाव हिश्श्यापर्यंत घटतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला ही तूट भरून काढायला रेशीम कथलाच्या क्षारांत बुडवत, आणि पुष्कळदा तूट भरून वर आणखी थोडं. कापड भारदस्त पडायचं, सुंदर सळसळायचं. पण त्या क्षारांनी धागा आतून पोखरत नेला, आणि आज असं रेशीम हातात घेतलं की सरळ रेषांत तडकतं. तेव्हा मारलेलं माप आता आमच्या बोटांत फाटतं. असलं रेशीम कितीही देखणं असलं तरी ताणून बसवायच्या शेडला घेऊ नये. बघावं, उसासा टाकावा, ठेवून द्यावं.

रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून धुताना पिळायचं नाही. लोकरीला कसर लागलेली असते. अशी लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवायची. घरातल्या इतर माणसांची समजूत घालायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. आणि 'शंभर वर्षं जुनं कापड' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम-लोकर असेल तर जळक्या केसांचा वास. धागा वितळून टणक मणी झाला तर तो बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉन. नायलॉन जगासमोर आलं १९३८ मध्ये, पॉलिएस्टरचा धागा ब्रिटनमध्ये १९४१ साली तयार झाला. मणी दाखवावा, काही बोलू नये.

आता चिकटवणं. ड्रम शेडच्या आत पांढरा, एका बाजूला गोंद लावलेला पीव्हीसीचा कडक पत्रा असतो. त्याच्यावरचा कागद दहा-दहा सेंटिमीटर सोलत, मधून कडेकडे तळहाताने दाबत कापड बसवायचं. सगळा कागद एकदम सोलणारा माणूस एकदाच सोलतो. कापड वाकडं पडलं तर ओढून काढता येतं, पण ओढताना ते ताणलं जातं आणि पत्र्याला घडी पडते; ही घडी पुन्हा, दिवा लागल्यावर, काळी रेघ होऊन दर्शन देते. पांढरट पातळ कापडाखाली अडकलेला एक केसही दिसतो. मांजर पाळणाऱ्यांनी या धंद्यात यावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण मांजराचं मत स्पष्ट असतं: पसरलेलं कापड हे तिच्यासाठीच पसरलेलं असतं. डाग बसू नये म्हणून लेप दिलेल्या कापडाला गोंद धरत नाही. ते दोन दिवस छान राहतं आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर फुगतं.

पत्र्याच्या वरच्या आणि खालच्या कडेची दीड सेंटिमीटरची चिरलेली पट्टी मागे दुमडून मोडून काढली की तेवढं कापड मोकळं उरतं. दोन्ही कड्यांना दुहेरी चिकटपट्टी लावायची, पत्र्याच्या कडांवर ठेवायच्या आणि दोन्ही हातांनी दोन्ही कड्या एकाच वेळी लाटत न्यायच्या. एक हात तीन मिलिमीटर मागे राहिला की शेड कललेल्या टोपीसारखी बसते. शेवटी मोकळं कापड कडीच्या आत दातेरी पट्टीने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खोचायचं. पाठ आणि मान या टप्प्यावर आपापली मतं मांडतात.

या कामात सर्वांत महाग चूक मात्र हाताची नसते, विचारायचं राहून गेलेल्या एका प्रश्नाची असते: शेड टांगायची की टेबलावर ठेवायची? दोन कड्यांपैकी एक साधी असते, दुसरीत होल्डर बसवायचे आडवे दांडे असतात. टांगायच्या शेडला ही दांड्यांची कडी वर, टेबलावरच्या दिव्याला बहुधा खाली. ठिपके-चौकटी असतील तर कुठलीही शेड कशीही फिरवा. पण एकदा का झाडं, घोडे, घरं आली, की चुकीच्या बाजूला कडी लावलेल्या शेडवर सगळं गाव शीर्षासन करतं. शिवाय भोकाचं मापही विचारावं लागतं. कुठल्या होल्डरला २८-२९ मि.मी.चं भोक लागतं, कुठल्या ई-२७ ला (म्हणजे पेचाच्या बल्बच्या होल्डरला) ४० च्या वर. मोठं भोक ठेवून सोबत प्लॅस्टिकची लहान चकती द्यावी, हे आमचं मत.

वर निमुळत्या शेडची वाट फारशी कुणी धरू नये, पण गिऱ्हाइकं धरतात. खाली ३०, वर २०, तिरकी उंची २० अशी शेड उलगडली तर बाहेरची त्रिज्या ६०, आतली ४०, आणि मधला कोन बरोबर ९० अंश. म्हणजे पाव वर्तुळाचा पंखा. गणित देखणं आहे. पण कापड सरळ असतं आणि पंखा वाकडा, त्यामुळे मध्यावर ताठ उभे असलेले पट्टे दोन्ही टोकांकडे ४५ अंशांनी कलतात आणि मागच्या जोडावर एकमेकांवर आदळतात. पट्ट्यांच्या कापडाला 'नाही' म्हणायला शिकावं. जमत नाही, पण शिकावं.

तारेच्या सांगाड्यावर हाताने शिवायची शेड हे तर वेगळंच प्रकरण. आधी गंज घासून सांगाड्याला रंग द्यायचा, नाहीतर पावसाळी हवेत गंज कापडावर उतरतो. मग प्रत्येक तारेला सुती फीत गुंडाळायची, तारेच्या लांबीच्या निदान दुप्पट. २५ सें.मी.चे आठ दांडे आणि वरच्या-खालच्या कड्या मिळून साडेतीन मीटरहून जास्त तार होते, म्हणजे सात मीटरहून जास्त फीत. ही फीत नंतर कुणालाही दिसत नाही. पण बोटांनी पिळल्यावर ती तारेवर फिरली तर सोडून पुन्हा गुंडाळायची, कारण सगळे टाके तिलाच धरून असतात. ती फिरली की कापड सैल पडतं. कापड उरेब (धाग्यांना तिरकं) कापायचं, म्हणजे वळणावर बसतं; दर सेंटिमीटरला टाचणी, ओढा, पुन्हा टाचणी. रक्ताचा ठिपका पडला तर लगेच थंड पाण्याने टिपायचा. गरम पाण्याने तो कायमचा राहतो.

आगीचा विषय थट्टेचा नाही. जुना तारेचा बल्ब शंभरातली नव्वदहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. एलईडी आल्यापासून आम्ही शांत झोपतो. दिव्यांच्या आयईसी ६०५९८ या आंतरराष्ट्रीय मानकातली एक चाचणी अशी, की ६५० अंशांना तापलेली तार ३० सेकंद टेकवायची, आणि ती काढल्यावर ज्वाळा ३० सेकंदांत विझल्या पाहिजेत. चांगला पत्रा अशा परीक्षेत उत्तीर्ण होऊन आलेला असतो. त्याच्यावरचं जुनं कापड कुठल्याच परीक्षेला बसलेलं नसतं. म्हणून 'फक्त एलईडी, इतक्या वॅटपर्यंत' ही चिठ्ठी आतून चिकटवायचीच, मग ती कुणी वाचो न वाचो.

शेड तयार झाली की फोटो, एक दिवा बंद, एक चालू. तरीही 'रंग वेगळा आहे' ही तक्रार येते. चौकशीअंती तिकडे ६५०० केल्विनचा पांढराफटक बल्ब निघतो. २७०० चा पिवळसर लावा म्हटलं की रंग जागेवर येतो.

मग कुरियर. शेड म्हणजे मुख्यतः हवा. ३५ बाय ३५ बाय २६ च्या खोक्यात आपला माल अर्धा किलोही भरत नाही. पण बऱ्याच कुरियरवाल्यांचा हिशोब घनफळावर असतो: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. ३१,८५० भागिले ५०००, म्हणजे ६.३७ किलो. सुमारे सहा किलो हवा आम्ही दर वेळी काळजीपूर्वक कागदात गुंडाळून पाठवतो.

आणि ती पोचली, आवडली, की आठवड्याभरात निरोप येतो: 'फारच सुंदर! पलंगाच्या दुसऱ्या बाजूला अगदी अशीच अजून एक हवी.'

जुन्या कापडाचं ठाण नसतं. जे होतं ते पहिल्या शेडमध्ये गेलं. शोधाशोध केल्यावर त्याच कापडाची एक पट्टी सापडते, पण ती आडवी कापलेली. मोजतो. एकोणनव्वद. दोन वजा करून ३.१४ ने भागतो. पावणेअठ्ठावीस सेंटिमीटर व्यास. कड्या मिळतात २५ च्या, नाहीतर ३० च्या.

'अहो, जरा लहान, २५ ची चालेल का?'

'छे! जोडी दिसायला हवी ना.'