राणेंना उगाच शहीद करू नका

एप्रिल आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात असा: "एनडीएतून पास झालेले महाराष्ट्राचे सुपुत्र मेजर राणे, 1948 साली एकट्याने टँकखालून सरपटत जाऊन शत्रूचे सगळे सुरुंग काढले, तिथेच शहीद झाले, त्याच वर्षी देशातलं पहिलं परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं, आज सरकारला त्यांचं नावही आठवत नाही, खरे भारतीय असाल तर शेअर करा." काल आमच्या मामांनीही टाकला. मामांना ग्रुपवर सगळ्यांसमोर खोटं पाडणं आमच्याकडे बसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

सगळ्यात आधी ते "शहीद". अहो, राम राघोबा राणे त्या लढाईनंतर 46 वर्षं जगले! 1968 मध्ये मेजर म्हणून रिटायर झाले आणि 11 जुलै 1994 ला पुण्यात वारले, वय 76. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेला पहिला माणूस ही त्यांची खरी ओळख, आणि मेसेजवाल्यांनी नेमकी तीच पुसून टाकली. बहुतेक आपल्याला परमवीर म्हटलं की हार घातलेला फोटोच डोळ्यासमोर येतो, 21 पैकी 14 मरणोत्तर आहेत त्यामुळे ते साहजिकही आहे, पण म्हणून जिवंत माणसाला मारायचं?

आणि "पहिलं" परमवीर त्यांचं नाही, ते मेजर सोमनाथ शर्मांचं, 3 नोव्हेंबर 1947, बडगाम, आणि तेच मरणोत्तर. "त्याच वर्षी मिळालं" हे तर शक्यच नाही, कारण 1948 मध्ये हे पदक अस्तित्वातच नव्हतं. ते सुरू झालं 26 जानेवारी 1950 ला आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या शौर्याला मागे जाऊन लागू केलं. (त्याचं डिझाईन सावित्री खानोलकरांचं. महाराष्ट्राचा अभिमान मिरवायचाच असेल तर हे टाका ना मेसेजमध्ये.)

कारण राणे कागदोपत्री महाराष्ट्राचे नाहीत. जन्म हावेरीचा, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातला, घर कारवारजवळचं चेंडिये. वडील पोलीस शिपाई, त्यांच्या बदल्यांमागे शाळा बदलत गेल्या. आपल्याशी नातं आहे ते बॉम्बे सॅपर्समुळे (सॅपर म्हणजे सुरुंग-रस्ते-पूल बघणारे लष्करी इंजिनिअर, यांचं केंद्र खडकीला), आणि ते काही कमी नाही.

एनडीए? खडकवासल्याला तेव्हा एनडीए नव्हतीच. हा माणूस जुलै 1940 मध्ये साध्या शिपाई दर्जावर भरती झाला, बेस्ट रिक्रूट ठरला, मग बर्मात जपान्यांशी लढला. बुथिडाँगहून माघार घेताना मागे राहून सामान उडवायचं काम यांच्या तुकडीला दिलेलं, न्यायला येणारं जहाज आलंच नाही, तर जपानी पहारा असलेली नदी आपल्या माणसांना घेऊन स्वतःच पार करून आले. तिथून हवालदार वगैरे करत करत डिसेंबर 1947 मध्ये सेकंड लेफ्टनंट. म्हणजे त्या एप्रिलमध्ये ते "मेजर" नव्हते, अधिकारी होऊन जेमतेम चार महिने झाले होते, वय 29.

आता "एकट्याने". काश्मीरवरून पाकिस्तानशी युद्ध चालू होतं, जम्मू भागातलं राजौरी घ्यायला आपले टँक निघाले होते. 8 एप्रिलला सकाळी 11 वाजता नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांची सुरुंग काढणारी पार्टी टँकजवळ कामाला लागायच्या तयारीत उभी असताना मॉर्टरचा मारा झाला, दोघं जागीच गेले, पाच जखमी, त्या पाचात राणे स्वतः. उरलेल्यांना गोळा करून त्यांनी काम सुरू केलं. "एकट्याने" लिहिलं की ते दोन मेलेले सॅपर आणि बाकीची सगळी पार्टी गायब होते, आणि मला या मेसेजमधलं सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. टँकखालून सरपटण्याची गोष्ट बऱ्याच ठिकाणी रंगवून सांगतात, पण पदकाच्या सन्मानपत्रात ती नाही, म्हणून मी तरी सांगत नाही. तिथे जे आहे ते पुरेसं आहे.

मेसेजखाली आमच्या एका भावोजींनी लिहिलं, "गोळी एक झाडली नाही, रस्ता साफ केला, त्याला परमवीर कसलं?" भावोजी, डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला कडा, टँक रस्ता सोडून जाणार कुठे? रस्त्याखालची एक मोरी उडवली की अख्खी रांग अडकली, मागचं रेशन-दारूगोळा अडकलं. आणि अडथळा घालणारा तो नुसता घालून घरी जात नाही, समोरच्या टेकडीवर मशीनगन लावून बसतो, की कोण काढायला येतं बघू. इन्फंट्रीवाला निदान आडोसा घेऊन उलट गोळी तरी घालतो, सॅपरचे दोन्ही हात सुरुंगात.

तासच बघा. 8 तारखेला जखमी, तरी रात्री 10 पर्यंत शत्रूच्या डोळ्यांदेखत टँकसाठी वळणरस्ता काढणं. 9 ला सकाळी 6 पासून दुपारी 3 पर्यंत तेच, मग सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये (चिलखती गाडीत) बसून निघाले, अर्ध्या मैलावर पाईनची झाडं आडवी, ती उडवली, 300 यार्डांवर पुन्हा झाडं, मग उडवलेली मोरी, सव्वासहाला पाच मोठी झाडं आणि त्यांच्याभोवती पेरलेले सुरुंग. अंधार पडत होता, हे तरीही काढायला बसले, शेवटी टँकच्या तांड्याच्या कमांडरनेच रात्रीपुरतं सगळ्यांना थांबवलं. 10 ला पहाटे पावणेपाचला परत तिथेच, साडेसहाला तो अडथळा साफ, पुढच्या हजार यार्डांत नुसते अडथळेच, तेही साडेदहापर्यंत. टँक खाली तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी 2 ला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचलेसुद्धा. इथे कोणीही म्हटलं असतं, झालं आपलं काम. पण मागून रसदेच्या गाड्या यायच्या होत्या, त्यांना रस्ताच लागणार, म्हणून हे रात्री 9 पर्यंत न खाता, न बसता.

"सरकारला नाव आठवत नाही" हे पण अर्धवटच. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर पुतळा आहे, शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका टँकर जहाजाला त्यांचं नाव होतं, 2023 मध्ये अंदमानच्या एका बेटालाही दिलं. आपल्याला आठवत नाही म्हणा हवं तर.

आणि भावोजी, ते तासांचं पुरं करतो. 11 तारखेला सकाळी 6 ला पुन्हा काम सुरू, 11 वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता गाड्यांसाठी मोकळा. त्यानंतर पुढच्या रस्त्यावर रात्री 10 पर्यंत. 12 ला राजौरी आपल्या ताब्यात आली.