नळ सुरू कसा करायचा, तेवढं सांगा

मावसभावाने नव्या बाथरूमचा फोटो पाठवलाय. भिंतीतून बाहेर आलेली एक गुळगुळीत स्टीलची दांडी, बस्स. ना चावी, ना मूठ, ना लाल-निळा ठिपका. खाली प्रश्न : "ताई, युनिक आहे ना?" मी 'छान' टाइप केलं आणि खोडलं. त्याला जे सांगायचंय ते इथेच लिहिते, वाचेलच तो.

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन एका हॉटेलात उतरले होते. सकाळी बाथरूममधून हाक आली. जाऊन बघते तर आई तोंडाला साबण लावून, डोळे गच्च मिटून उभी आणि हाताने नळ चाचपतेय. असलाच नळ. दाबायचा, फिरवायचा की नुसता हात पुढे धरायचा? मलाही मिनिटभर कळेना. (टोक तिरकं करायचं होतं. घ्या!) आई काय म्हणाली? "मला मेलीला काही जमतच नाही बघ."

तिला जमत नाही? सत्तर वर्षं नळ सोडतेय ती! डिझाइनवाल्यांच्या बोलीत 'नॉर्मन डोअर' असा शब्द आहे, वस्तूंच्या डिझाइनवर लिहिणाऱ्या डॉन नॉर्मन यांच्या नावावरून. ढकलायचं की ओढायचं हे ज्या दाराकडे बघून कळत नाही, ते दार. चूक दाराची असते आणि ओशाळतो माणूस. माझ्या आईसारखा.

फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कचा तो लिंबू पिळायचा कोळी आठवा. तीन लांब पायांचा, चकचकीत अॅल्युमिनियमचा, १९९० साली अलेसी या इटालियन कंपनीने काढलेला. गाळणीच नाही, म्हणजे रसाबरोबर बियाही पेल्यात. पुढे त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली आणि तिला लिंबू लावायचं नाही म्हणे, मुलामा जातो! बरं, देखणा आहे, मान्य. माझ्याकडे असता तर मीही शोकेसमध्ये ठेवला असता.

पण त्याच १९९० साली ऑक्सो या स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या कंपनीचं सोलाणंही आलं. कंपनी काढणाऱ्या सॅम फार्बर यांच्या पत्नीला, बेट्सींना, संधिवात होता. साध्या सोलाण्याची बारीक पत्र्याची मूठ त्यांच्या हातात धरवेना. म्हणून ती जाड काळी रबरी मूठ, बोटांच्या जागी बारीक खाचा. दिसायला कसलं धिप्पाड! तेही विचित्रच की. फरक एवढाच, की ते कुणाच्या तरी दुखऱ्या बोटांकडे बघून विचित्र झालंय.

आता तुम्ही म्हणाल, हिला नवं काही नकोच. तसं नाही हो. कातेरिना काम्प्रानी नावाची ग्रीक बाई मुद्दाम निरुपयोगी वस्तू करते. झारी, पण तोटी उलटी, स्वतःकडेच वळलेली. पावसाळी बूट, पण बोटं उघडी. मी पोट धरून हसते. ती उघड उघड चेष्टा करतेय, कुणाच्या बेसिनवर नेऊन बसवत नाहीये.

आणि डच डिझायनर तेयो रेमीचं १९९१चं ते ड्रॉवरांचं कपाट! कुठून कुठून जमवलेले जुने खण, प्रत्येकाला नवी लाकडी चौकट, आणि सगळे वेडेवाकडे रचून एका पट्ट्याने आवळलेले, गाठोड्यासारखे. इतकी अजब वस्तू मी दुसरी पाहिली नाही. पण खण धरून ओढला की उघडतो. आईला हे कपाट फार आवडेल. कुठल्या खणात काय ठेवायचं, तेसुद्धा तिने फोटो बघूनच ठरवलं असतं.

जाऊ दे, उगाच तापले मी. नळाची सवय होते एकदा, हेही खरं. घरच्यांना होईलच. पण घरात पाहुणाही येतो ना, रे?

तर भाऊराया, फोटोत बाथरूम झकास दिसतंय. पुढच्या महिन्यात तुझी मावशी चार दिवस राहायला येतेय. नळाशेजारी एक बादली भरून ठेव.