देहदानाचा फॉर्म रद्द करायच्या आधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: माणसाचं अख्खं शरीर आता कॉम्प्युटरमध्ये आलंय, उपचाराचा निकाल त्यात आधीच शंभर टक्के कळतो, म्हणून अमेरिकेने औषधांच्या चाचण्या बंद केल्या, आणि आता देहदान करण्यात काही अर्थ उरला नाही. शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहेच. प्रत्येक दाव्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून तो खपतो.

‘अख्खं शरीर’ हे बहुधा व्हिजिबल ह्युमन प्रकल्पावरून आलं असावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 1994 मध्ये एका पुरुषाच्या आणि 1995 मध्ये एका स्त्रीच्या देहाची चित्रमालिका खुली केली. देह गोठवायचा, एक मिलिमीटरचा थर खरवडून काढायचा, उघड्या पडलेल्या भागाचा फोटो घ्यायचा, की पुढचा थर. स्त्रीच्या बाबतीत थर त्याच्याही एक तृतीयांश जाडीचे. काम अफाटच. पण तो पुरुष म्हणजे टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेला 39 वर्षांचा कैदी, अपेंडिक्स आधीच काढलेला. आणि ती स्त्री 59 वर्षांची. दोन ठरावीक माणसं. चिकोडीच्या उसाच्या फडात राबणाऱ्या बाईच्या पोटात काय आहे, ते तिचाच स्कॅन सांगणार.

आता ‘निकाल शंभर टक्के कळतो’. घोळ खरा इथे आहे.

रुग्णाच्या स्वतःच्या स्कॅनवरून मॉडेल बनवून उपचार ठरवणं आज रोजचं काम झालंय. हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉक दिसला, तरी तो खरोखर रक्त अडवतोय का, हे कळायला आत बारीक तार घालून दाब मोजावा लागे. सीटी अँजिओच्या चित्रांवर रक्तप्रवाहाचं गणित मांडून तोच आकडा काढणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत 2014 मध्ये मान्यता मिळाली. ब्लॉकच्या पलीकडचा दाब महाधमनीतल्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीतल्या) दाबाच्या किती पट, एवढंच ती सांगते, 0.80 किंवा त्याहून कमी आला तर ब्लॉक मनावर घ्यायचा. काहींची तार घालायची वेळ यामुळे टळते. मात्र ब्लॉकमध्ये कॅल्शियम भरपूर असेल तर ते सीटीत फुगून दिसतं आणि वाहिनी आहे त्याहून अरुंद वाटते. ठोके जलद पडत असतील तर चित्र हलतं. गणित बिनचूक, उत्तर तरीही चुकीचं.

कॅन्सरच्या रेडिएशनचंही तसंच. बेळगाव, मिरज, कोल्हापूरला शेक घेऊन आलेले सगळे सिम्युलेशनमधून गेलेले असतात. त्यांना फक्त ‘प्लॅनिंगचा सीटी’ म्हणून सांगितलेलं असतं. त्या सीटीवर डॉक्टर गाठीची आणि आजूबाजूच्या अवयवांची कड एकेका थरावर आखतात, आणि कुठे किती किरण पोचतील याचा हिशोब कॉम्प्युटर करतो. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मावशींना रोज बजावतात, लघवी करून या, मग ठरलेलं पाणी पिऊन थांबा. भरलेल्या मूत्राशयामुळे आतडी वर सरकतात आणि किरणांपासून वाचतात. प्लॅन तशाच भरलेल्या मूत्राशयावर केलेला असतो. एखाद्या दिवशी पाणी कमी प्यायलं, तर कॉम्प्युटरमधलं पोट आणि टेबलावरचं पोट जुळत नाही. घशाच्या कॅन्सरच्या रुग्णाचं वजन उतरलं की डोकं हलू नये म्हणून तोंडावर बसवलेला मास्क ढिला होतो, कधी सीटी पुन्हा करून सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो. टेक्निशियन पाण्यावरून ओरडला तर रागावू नये, तो त्या मॉडेलचीच बाजू सांभाळत असतो.

चाचण्या बंद झाल्याचं धादांत खोटं. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये कायदा बदलून प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली आणि कॉम्प्युटर मॉडेलसारखे पर्याय मान्य केले. भारताने 2023 मध्ये नियमांत तशी सोय केली. माणसांवरच्या चाचण्या दोन्हीकडे चालूच आहेत. इन्सुलिन आपोआप देणाऱ्या यंत्रणेसाठी 2008 मध्ये 300 आभासी रुग्णांचं कॉम्प्युटर मॉडेल अमेरिकेत प्राण्यांवरच्या चाचणीऐवजी स्वीकारलं गेलं. त्यानंतरही खऱ्या रुग्णांवर तपासणी झालीच.

राहिलं देहदान. वरचा तो व्हिजिबल ह्युमन दान केलेल्या देहांतूनच आला, हे मेसेज लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. ऊतक किती ताणलं की फाटतं, हा आकडा मॉडेलला लागतो, आणि तो बराचसा दान आलेल्या देहांवरच मोजलेला असतो. शिवाय साधारण चारातल्या एकाला मूत्रपिंडाकडे जाणारी जादा धमनी असते. ती हाताने शोधून काढलेला विद्यार्थी पुढे ऑपरेशनमध्ये गडबडत नाही. 2010 मध्ये बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात डॉ. महांतेश रामण्णवर यांनी स्वतःच्या वडिलांच्या दान केलेल्या देहाचं विच्छेदन विद्यार्थ्यांसमोर केलं होतं. इथल्या माणसांना हे नवीन नाही.

फॉर्म भरला म्हणजे झालं, असंही नाही. मृत्यूनंतर घरच्यांनी कॉलेजला लगेच कळवावं लागतं. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा संसर्गजन्य आजाराचा देह बहुधा घेत नाहीत. तेव्हा फॉर्म रद्द करायला जायच्या ऐवजी त्याची प्रत कुठल्या कपाटात आहे, ते सुनेला सांगून ठेवा.