‘पलुग्गा’ म्हणजे फाटाफूट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बायबलच्या एज्रा या ग्रंथातल्या ६:१८ या ओळीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: त्या ओळीतल्या ‘पलुग्गा’ या अरामी (हिब्रूची जवळची भाषा) शब्दाचा धातू प-ल-ग, म्हणजे दुभंगणं. बायबलच्याच दानिएल या ग्रंथात, २:४१ मध्ये, त्याच धातूवरून ‘दुभंगलेलं राज्य’ म्हटलंय. म्हणजे यरुशलेमचं मंदिर पुन्हा उभं राहिलं तेव्हा याजकांत तट पडले होते, आणि मी ‘सेवेचे गट’ असं गुळगुळीत भाषांतर करून ते झाकलं. शिवाय मोशेच्या ग्रंथात असे गट नाहीतच, तेव्हा ओळीच्या शेवटची ‘मोशेच्या ग्रंथात लिहिल्याप्रमाणे’ ही शेपटी खोटी.

तटांचं म्हणणं मला पटत नाही, कारण ती ओळच ते चालू देत नाही. ‘देवाच्या सेवेसाठी त्यांनी याजकांना त्यांच्या पलुग्गांत आणि लेव्यांना त्यांच्या मख्लेकांत उभं केलं’ अशी ती आहे. (लेवी म्हणजे मंदिरातले याजकांचे मदतनीस.) क्रियापद ‘हकीमू’, म्हणजे उभं केलं, नेमलं. तट पडतात हो, ते कोणी नेमत नाही! आणि नेमणूक कशासाठी, तेही तिथेच सांगितलंय. दानिएलमधलं ‘पलीगा’ हे राज्याचं विशेषण आहे, स्वप्नातल्या पुतळ्याच्या लोखंड आणि मातीच्या पायांचा अर्थ सांगताना आलेलं. धातू एक असला म्हणून त्याचा अर्थ इथे ओतता येत नाही.

त्यातून जोडीचा शब्द बघा. ‘मख्लेका’चाच हिब्रू भाऊ बायबलच्या १ इतिहास या ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात अहरोनाच्या वंशजांच्या, म्हणजे याजकांच्या, वर्गांसाठी वापरलाय: एलाजाराच्या घराण्याचे १६, इथामाराचे ८, एकूण २४, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. लूकच्या शुभवर्तमानातला जखऱ्या हा याजक याच व्यवस्थेतल्या अबीयाच्या वर्गातला. वर्गाची पाळी होती म्हणून तो मंदिरात होता आणि धूप जाळायचं काम त्याच्या वाट्याला चिठ्ठीनेच आलं. अर्थात एज्राच्या ओळीत २४ हा आकडा नाही, आणि तो मी तिथे घुसडणार नाही.

तुमचा समज कुठून आला असावा, याचा अंदाज मात्र येतो. पुढे तालमूदच्या (यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या) अरामीत ‘पलुग्ता’ म्हणजे मतभेद, वाद. आणि हिब्रूत ‘मख्लोकेत’ म्हणजेही तेच. दोन्ही शब्दांच्या घरात नंतर भांडण शिरलं. आपल्याकडे ‘भाऊबंद’वरून ‘भाऊबंदकी’ झाली, तसंच. पण म्हणून जुन्या कागदात ‘भाऊबंद’ दिसले की तिथे तंटा होता असं कोणी धरत नाही.

गट का लागले, हे एज्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या यादीवरून कळतं. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांत याजकांची चार घराणी: ९७३, १०५२, १२४७, १०१७, मिळून ४२८९ माणसं. वेदी एक! एवढी माणसं एकदम कामाला लावणार कुठे? लेव्यांची गत उलटी. यादीत ते अवघे ७४, आणि आठव्या अध्यायात तर नंतरच्या तुकडीला घेऊन निघताना अहवा नदीकाठी एज्रा माणसं मोजतो तेव्हा एकही लेवी सापडत नाही. निरोप धाडून कसेबसे ३८ मिळवावे लागतात. हे आकडे तंतोतंत ऐतिहासिक मानायचे की नाही यावर अभ्यासकांत ‘पलुग्ता’ आहेच (हा शब्द इथे चपखल बसतो). पण याद्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचं चित्र स्पष्ट आहे.

आता मोशेचं. याजकांचे पाळीचे वर्ग पंचग्रंथात (मोशेच्या नावाच्या पाच ग्रंथांत) नाहीत, हे तुमचं बरोबर. त्यातल्या गणना या ग्रंथाच्या ३ आणि ८ या अध्यायांत लेव्यांना सेवेला लावलंय, आणि गणना ४ मध्ये त्यांच्या घराण्यांना कामं वाटून दिलीत, बस्स. वर्गांचं श्रेय इतिहासाचा ग्रंथ दावीद राजाला देतो, आणि २ इतिहास ३५:४ मध्ये तर त्यासाठी दावीद-शलमोनाच्या लिखाणाचाच हवाला आहे. एज्राचा लेखक तीच व्यवस्था सरसकट मोशेच्या नावावर मांडतो. दुसऱ्या मंदिराच्या काळात प्रथेवर अनेकदा मोशेचा शिक्का मारला जाई, म्हणून मी याला खोटेपणा म्हणणार नाही. अधिकार सांगायची ती रीत होती.

याजकाशी झालेली खरी कुरबुर हवी असेल तर नहेम्या या ग्रंथाचा १३ वा अध्याय वाचा. तिथे एल्याशीब याजकाने नहेम्याचा विरोधक तोबीया याला मंदिराच्या आवारातली मोठी खोली देऊन टाकलेली असते, आणि यरुशलेमचा कारभारी नहेम्या परत आल्यावर तोबीयाचं सगळं सामान बाहेर फेकून देतो.