टॅरंटुलाच्या पिल्लाला घरातलं झुरळ घालू नका

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कोळी पाळणाऱ्या मुलांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: कोकणात टॅरंटुलाच्या, म्हणजे या मोठ्या केसाळ कोळ्याच्या, खाण्यावर एक पैसाही खर्च करू नका. स्वयंपाकघरातली झुरळं, पडवीतल्या दिव्याखाली पडणारे किडे, बागेतले नाकतोडे पकडून घाला. किडा जितका मोठा, तितकं पिल्लू लवकर वाढतं. जिवंत किडा डब्यात सोडून द्या, भूक लागली की खाईल. वर कॅल्शियमची पावडर लावा. काहीच नाही मिळालं तर जवळा भिजवून द्या. आणि शेवटी एक सवाल: ‘दगडी गडग्यातला टॅरंटुला काय दुकानातून किडे आणतो?’

पूर्ण वाढलेल्या, पंजाएवढ्या कोळ्याने यातलं काही खाऊन पचवलंही असेल. पण हा मजकूर ज्यांच्या हाती पडतोय त्यातल्या बहुतेकांकडे स्लिंग आहेत, म्हणजे नखावर मावतील अशी पिल्लं. त्यांच्यासाठी हा सल्ला जीवघेणा आहे.

आधी झुरळ. घरातल्या झुरळाने काय खाल्लंय ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. ओट्याखाली जे जेल लावतात, ते मुद्दाम सावकाश मारणारं असतं. झुरळ ते खातं, फटीत परत जातं, तिथे मरतं आणि त्याची विष्ठा, त्याचं मेलेलं अंग खाऊन बाकीची मरतात. त्यासाठीच ते तसं बनवलंय. म्हणजे विष पोटात घेतलेलं झुरळ काही काळ नेहमीसारखं फिरत असतं. मग ते मंदावतं, आणि चप्पल न उगारता हाती लागतं ते नेमकं हेच. तुम्ही घरात काही लावलेलं नसलं तरी शेजाऱ्यांनी खडू ओढला असेल, खालच्या मजल्यावर फवारणी झाली असेल. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधं नसांवर काम करतात आणि कोळ्याच्या नसा त्यांना कीटकाइतक्याच बळी पडतात. पिल्लाचे पाय थरथरायला लागतात, चाल बिघडते, मग पाय पोटाखाली आवळले जातात. त्यावर उतारा नाही.

झुरळ ही जातच वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. खाद्यासाठी डब्यात वाढवलेली डुबिया किंवा रेड रनर झुरळं उत्तम. फक्त ती बाहेर सुटू देऊ नका आणि उरलेली परसात टाकू नका. इथल्या उबदार, दमट हवेत बाहेरची जात रुजायला वेळ लागणार नाही.

दिव्याखालच्या आणि बागेतल्या किड्यांचं काय? कोकणात बाग म्हणजे आंबा आणि काजू. हापूसला मोहोर येण्याच्या आधीपासून तुडतुड्यांसाठी एकामागून एक फवारण्या होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड ही औषधं ओळीने आहेत. काजूवर ढेकण्या या किडीसाठी वेगळं औषध. तुमचं परसू कितीही स्वच्छ असो, बल्बवर आलेला किडा कोणाच्या कलमावरून आलाय हे सांगता येत नाही. मिरगाचा पाऊस पडला की वाळवीचे पंखवाले किडे ढिगाने पडतात, तेव्हा मोहोराच्या फवारण्या संपलेल्या असतात. तरी त्याच ढिगात अंगावर फोड आणणारे भुंगेरेही असतात. काजव्यांना तर हातच लावू नका. अमेरिकेतल्या काही काजव्यांच्या अंगात इतकं जहाल विष असतं की असा एक काजवा खाऊन पाळलेले बियर्डेड ड्रॅगन सरडे मेलेले आहेत. आपल्याकडच्या काजव्यांची परीक्षा पिल्लावर घेऊ नये.

‘मोठा किडा घाला’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो प्रेमाने पाळला जातो. किडा कोळ्याच्या पोटापेक्षा लांब नसावा, हा साधा हिशोब. पिल्लाचं पोटच ज्वारीच्या दाण्याएवढं असेल तर त्याला जिवंत काही घालायचंही कारण नाही. मीलवर्म, म्हणजे खाद्य म्हणून मिळणारी भुंगेऱ्याची अळी, घ्या, डोकं चिरडा, मधला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापा आणि संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी ठेवा. पिल्लू आधी पुढच्या पायाने चाचपतं, मग तुकडा ओढून आत नेतं. कोळी चावून गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेला रस शोषून घेतो. सकाळी बिळाबाहेर चोथ्याची बारीक काळपट गोळी पडलेली दिसते. ती चिमट्याने लगेच काढा. आपल्या हवेत तिला लवकर बुरशी धरते आणि मुंग्या येतात.

शिवाय जास्त खाऊन कोळी सुदृढ होत नाही. पोट फुगलेला कोळी डब्याच्या भिंतीवरून पडला तर पोट फुटून मरू शकतो. पिल्लाला आठवड्यातून एक-दोनदा पुरतं, मोठ्याला दहा-पंधरा दिवसांनी.

जिवंत किडा डब्यात ठेवून देणं याहून धोक्याचं. कात टाकायच्या आधी कोळी खाणं सोडतो, पोट काळं आणि चकचकीत दिसायला लागतं. मग तो जाळ्याची चटई विणून तिच्यावर चक्क उताणा पडतो. नवखा माणूस मेला समजतो. त्या वेळी आणि नंतरचे काही दिवस त्याचं अंग मऊ असतं, सुळे पांढरे आणि लिबलिबीत असतात. कशाला चावणं शक्य नसतं. अशा वेळी डब्यात भुकेला रातकिडा असेल तर तो कोळ्याला कुरतडतो. मीलवर्म मातीत शिरून बसतो आणि नेमका तेव्हा वर येतो, म्हणूनच त्याचं डोकं आधी चिरडायचं. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी बाहेर काढा. कात टाकल्यावर सुळे काळे झाल्याशिवाय खाणं देऊ नका. पिल्लाला आठवडाभर, मोठ्याला त्याहून जास्त थांबा. पाणी मात्र हवंच, पिल्लासाठी मातीची एक बाजू ओलसर ठेवली की झालं.

कॅल्शियमचा सल्ला सरडे पाळणाऱ्यांकडून उचललाय. सरड्याला हाडं असतात. कोळ्याचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं, त्याला ती पावडर लागत नाही. जवळाही नको. मेलेलं भक्ष्य पिल्लाला चालतं, पण ताजं, कारण त्याला त्यातला ओलावा हवा असतो. वाळवलेल्या जवळ्यात तो नसतो, वर खारटपणा आणि वाळू.

आता गडग्यातला टॅरंटुला. तो दुकानात जात नाही हे खरं. पण त्याच्या आईने घातलेल्या शेकडो अंड्यांतली मोजकीच पिल्लं मोठी होतात, आणि आपण ज्या एकाला घरी आणलंय ते जगवायची जबाबदारी आपली आहे. जांभ्याच्या दगडांतून जंगली कोळी उचलून आणणाऱ्यांनाही हेच सांगेन, तो तिथेच राहू दे. पोसिलोथेरिया या प्रजातीतले (जीनस) आपले झाडावरचे टॅरंटुला २०१९ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्या यादीतला प्राणी घरी असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

पैसे वाचवायचेच असतील तर मीलवर्म घरी वाढवा. अरोवाना मासे पाळणाऱ्यांसाठी मत्स्यालयाची दुकानं ते ठेवतात. पसरट डबा, त्यात बोटभर गव्हाचा कोंडा, वर गाजराची एक चकती. पावसाळ्यात खरी अडचण ओलाव्याची. जुलैत कोंड्याला बुरशी आणि बारीक कोळकिडे धरतात. म्हणून कोंडा आधी कढईत कोरडा भाजून गार करून घ्या, गाजर रोज बदला, झाकणाऐवजी पातळ कापड घट्ट बांधा म्हणजे हवा खेळेल आणि पालही आत जाणार नाही. दुकानातून आणलेले मीलवर्मही लगेच घालू नका, आठ-दहा दिवस तुमच्या कोंड्यावर राहू द्या. त्यात बरेच काळे पडून मेले तर तो लॉट टाकून द्या.