मशीनच्या पडद्यावर सोनं दिसत नाही

निफाड-दिंडोरीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: जमिनीत दोन खुंट्या ठोका, करंट सोडा, पडद्यावर निळं आलं तर पाणी, पिवळं आलं तर सोनं, तेही पाचशे फूट खोलवरचं, अचूक.

जमिनीत वीज सोडून आतला अंदाज घेता येतो, एवढंच यातलं खरं. भौतिकशास्त्रज्ञ कॉनराड श्लुम्बर्जे यांनी फ्रान्समध्ये १९१२ पासून ते करून दाखवलं.

आधी रंगांचं बघू. चार खुंट्या लागतात. बाहेरच्या दोघींतून करंट जातो, आतल्या दोघींमधला व्होल्टेज मोजतात आणि त्यावरून जमिनीच्या रोधाचा, म्हणजे ती विजेला किती अडवते याचा, आकडा ओहम-मीटरमध्ये काढतात. त्याला रंग देतं सॉफ्टवेअर. कोरडा काळा पाषाण शेकडो, कधी हजारो ओहम-मीटर दाखवतो, पाणी धरलेला मुरूम पुष्कळ कमी. पण लाव्हाच्या दोन थरांमधली लाल चिकणमातीही तसाच कमी आकडा देते आणि पाणी मात्र सोडत नाही. पडद्यावर दोन्ही निळेच! कर्ज काढून मारलेली बोअर अशीच कोरडी जाते, म्हणून या मेसेजचा राग येतो.

सोनं उत्तम वाहक आहे, मान्य. पण खाणीच्या दगडात ते टनामागे काही ग्रॅम, तेही सुट्या कणांत. कण एकमेकांना भिडलेले नसले की करंटला वाट मिळत नाही. तांब्या-शिशाची गंधकयुक्त खनिजं सलग असतील तर कळतात. पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही तसाच कमी आकडा देतं. आपल्याखाली मात्र तांब्या-सोन्याचा दगड नाही, दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. पांडवलेण्यांजवळच्या खाणींतलं अपोफिलाइट नावाचे हिरवे स्फटिक जगभरचे संग्राहक जपतात, पण ते वीज वाहत नाहीत. या मशीनला ते दिसणारच नाहीत.

पाचशे फूट बघायचं तर केबल त्याच्या कित्येक पट लांब पसरावी लागते. दोन एकराच्या वावरात ते कुठून जमणार?

आणि द्राक्षबागेत तर खुंट्यांची लाइन टाकूच देऊ नका. तिथे लोखंडी अँगल जमिनीत गाडलेले, वरून तारा ताणलेल्या. करंट तारांकडे पळतो आणि आकडा फसतो. पडीक रानात, तारकुंपणापासून लांब मोजायला सांगा.

पैसे देण्याआधी खुंट्यांची अंतरं आणि प्रत्येक अंतराचा आकडा कागदावर मागा. नुसता रंगीत फोटो मिळाला, तर त्यावर बोअरची गाडी बोलावू नका.