टक्के राहू दे, पान नंबर सांग

गेल्या आठवड्यात पुण्याहून चुलतभावाचा फोन, "ताई, रिपोर्ट 18 टक्के आलाय, 10 च्या आत आणायचाय, काहीतरी सांग ना." पीएचडी करतोय तो, भूजलावर. रिपोर्ट म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळतो ते सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगतं, तो. आपल्याकडे प्लेजरिझमचा, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवण्याचा, विषय निघाला की गाडी टक्क्यांवरच येऊन थांबते, कारण यूजीसीचा 2018 चा नियमच तसा आहे, 10 पर्यंत शिक्षा नाही, 10 ते 40 आलं की सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 60 च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. मग पोरं शब्द बदलायच्या मागे लागतात. यानेही कुणाला तरी पैसे देऊन एक चॅप्टर "कमी करून" घेतला, त्यात ग्राउंडवॉटरचं अंडरग्राउंड लिक्विड झालेलं, वाचून पोटात तुटलं माझ्या, तीन वर्षं उन्हातान्हात विहिरी मोजत फिरलाय तो.

मी इथे जर्मनीत मास्टर्सला आले तेव्हा पहिला पेपर तपासून मिळाला, त्यात समासात सात-आठ ठिकाणी पेन्सिलने नुसतं "एस?" एस म्हणजे पान. लेखकाचं नाव, वर्ष सगळं दिलेलं मी, तरी कुठलं पान? लायब्ररीत बसून एकेक शोधायला घेतलं तर दोन ठिकाणी त्या लेखकाने तसं म्हटलेलंच नव्हतं, मी ते तिसऱ्याच कुणाच्या लेखातून उचललेलं. हे कुठल्या सॉफ्टवेअरने सांगितलं असतं?

इथली माणसं जात्याच प्रामाणिक असं अजिबात नाही हां. संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट 2011 मध्ये गेली, लोकांनी ऑनलाइन जमून प्रबंध पान-पान तपासला होता, पाठोपाठ मंत्रिपदही गेलं. शिक्षणमंत्री शावान यांचा प्रबंध 1980 चा, पदवी काढून घेतली 2013 ला. पण मला इथे पहिल्याच सेमिस्टरला कुणीतरी शेजारी बसून शिकवलं, आणि तिकडे एमएच्या दोन वर्षांत एकदाही नाही, अवतरणात घालून नाव दिलेला मजकूर त्या टक्क्यात धरायचा नसतो हेसुद्धा भावाला माझ्याकडून कळलं. मुलांना चोर म्हणायच्या आधी त्यांना हे शिकवलंय का ते विचारा.

त्याला म्हटलं, जुना चॅप्टर काढ आणि प्रत्येक उसन्या वाक्यापुढे पान नंबर लिही. काल फोन आला, तीन वाक्यं कुठली ते सापडतच नाहीयेत, काढून टाकू का. काढ म्हटलं.